मोकळा पंधरवडा

वेळापत्रक करनं सोपं वाटते ना तुम्हाले? मंग आमच्या चिखलीतल्या पोरांच्या रेसचं ऐका.

उघड्या चाकांच्या, एका सीटच्या छोट्या गाड्यांची रेस. मागच्या साली ती फसली, काऊन की गाड्या महाग होत्या आन तारीख कधी परीक्षेत, कधी लग्नसराईत अडकली. म्हनून यंदा जुन्या मोटरसायकलींचे इंजिन बसवून आम्ही स्वस्तात नव्या गाड्या बनवल्या. तारीख काढाचं काम माझ्याकडं होतं. गणपती शिरवून झाले होते, नवरात्र लागाचं होतं, मधातला पंधरवडा सारा मोकळा. मैदानही मांगितल्याबरोबर भेटलं. मी खुश.

रेसच्या दिवशी गाड्या रांगेत उभ्या, पन त्यात कोनी बसेचना. शाळेतले देशमुख सर आपल्या पोराचा हात धरून म्हणाले, "पितृपक्षात नवी गाडी काढत नसतात."

"सर, इंजिन तं जुनंच हाये."

"रंग नवा हाये ना?"

बाकीच्या बापांनीही माना हलवल्या.

वानखडेची साक्षी तेवढी हेल्मेट घालून बसली होती. मी तिच्या बापाले विचारलं, "तुम्हाले चालते?"

"आम्ही बौद्ध. आमच्यात पितृपक्ष नसते."

साक्षी एकटीच सुटली, साऱ्या फेऱ्या आरामात मारल्या आन कप घेऊन गेली. देशमुख सरांचं पोरगं रडकुंडीले आलं.

मी म्हटलं, "सर, पुढच्या साली तारीख बदलतो."

"नका बदलू," सर म्हणाले. "तोवर गाड्या जुन्या होतेत."