चार चाकांचं शंकरपाळं

नाही मॅडम, रोबॉट बंद नाही पडला, फक्त वळत नव्हता — बसा ना, तो स्टूल डुगडुगतो, हा घ्या. काय झालं ते मला कळलंय. दसऱ्याला मिनलच्या आई म्हणाल्या, आमच्या गाळ्यातल्या मशीनबरोबर तुमच्या रोबॉटचीपण पूजा करू. आणि मिनल म्हणे, चाकं काढून पाटावर मांडू, फोटो छान येतो. हळद, कुंकू, झेंडू, सगळं झालं. मग चाकं पुसून परत लावली — आणि डावी गेली उजवीकडे, उजवी डावीकडे. दिसायला सारखीच हो. पण यांच्यावर हे तिरके रोलर असतात ना, फिरवा बोटाने — वरून बघितलं तर चारही मिळून फुली दिसायला हवी. आमचं शंकरपाळं झालं होतं. शंकरपाळं पुढे जातं, आडवं सरकतं, तेही उलट्या बाजूला, पण वळ म्हटलं की जागेवर कुथतं. नेमकं आजच्या चाचणीत, तुमच्यासमोर. मिनल काय म्हणाली ऐकलंत ना — हळद लागलीय, आता मुहूर्ताशिवाय हलायचा नाही.

म्हणून काय जुना रोबॉट न्यायचा? शनिवारी पुण्याला स्पर्धेत तोच साध्या चाकांचा — खांबापाशी जा, नेम चुकला, मागे ये, वळ, परत जा? दर वर्षी असेच हरतो आणि म्हणतो, अनुभव मिळाला. मला नकोय अनुभव. हा खांबासमोर तोंड न वळवता नुसता बाजूला सरकतो, मॅडम. सोपं म्हणून निवडू नका, कामाला बसतं का बघा — हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? हो, मिनलला चालवायला जड जातं. पुढे, बाजूला, वळणं, सगळं एकदम. म्हणून तर मी प्रोग्रॅम बदलला. रोबॉटचं तोंड कुठेही असो, तिने जॉयस्टिक स्वतःपासून लांब ढकलली की तो लांबच जाणार. — तिला सांगितलं का? सांगणारच होतो. हातात घेतल्यावर कळलंच असेल की.

आणि आता तिरकापण पळत नाही. एक चाक जरा उचललं गेलं तरी पळायचा, चारही सारखी टेकावी लागतात जमिनीला. हा सांगाडा पिळून बघा. जोरात. हलतो का? खालून आडव्या पट्ट्या मारल्यात, चांगलं जाड ॲल्युमिनियम, जुन्या रोबॉटच्या —

नाही, आहे ना जुना. म्हणजे — ती ताडपत्री राहू द्या मॅडम, धूळ आहे. मिनलला नका बोलावू, तिला माहीत नाही. कोणालाच नाही. चाचणीच्या आधीच कापला मी. दोन्ही असते तर सगळ्यांनी तोच निवडला असता, तुम्हीसुद्धा. खोटं आहे का?

थांबा, चालू करतो. चाकं लावलीत नीट, एकदा वळताना तरी बघा. हा बघा, वळला — मॅडम, कोणाला फोन लावताय? स्पर्धेतून आमचं नाव काढू नका. मॅडम —