ओतिलियाची अडलेली ओळ

माझ्या थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. आमच्या क्यूबात जत्रेत लोक शेवटची ओळ देतात आणि गाणारा तिथवर आयत्या वेळी कवन रचतो. आमच्या गावची ओतिलिया तशी गायची. जत्रेला जाणाऱ्या बसच्या रांगेत धाकटी बहीण तिला अडवत होती.

“ताई, मागच्या वर्षी मध्येच अडलीस. लोक फिदीफिदी हसले. पुन्हा कशाला?”

“मी अडते हे साऱ्या गावाला कळलंय. आता लपवायचं काय उरलं?”

“आज अडलीस तर?”

“अडले असंच गाईन, त्यावरच पुढची ओळ बांधेन.”

“लाज नाही तुला!”

“होती गं, घरी ठेवून आलेय. गिटार सांभाळ, बस आली.”

संध्याकाळी ती अडली, अडल्याचंच गायली आणि शेवटच्या ओळीला पोचली. धाकटी सगळ्यांत मोठ्याने ओरडली, “माझी ताई आहे ती!”

ओतिलिया गेल्या मार्चमध्ये वारली.