पुसट दीर्घिका

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे निवृत्त मुद्रितशोधक दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी कुणी बापलेक बोलत होते.

“बाबा, उठू नका. आता आपलाच नंबर आहे.”

“या वयात ऑपरेशन कशाला? चहाचा कप दिसतो मला.”

“आणि आकाशातल्या दीर्घिका?”

“त्याही दिसतात. तू पाठवतेस ते सगळे फोटो बघतो. सर्पिल की लंबगोल, खूण करून मोकळा.”

“वर्षभरात एकीलाही सर्पिल म्हटलं नाहीत तुम्ही.”

“नसतील आल्या.”

“शेकडो आल्या. त्यांचे वळलेले हात तुम्हाला दिसलेच नाहीत. सगळे पुसट गोळे दिसले ना?”

“म्हणजे तुझं काम नासवलं मी.”

“नाही हो. एकेक फोटो चाळीस जण बघतात. एकाची चूक त्यात बुडून जाते.”

“मग माझी गरज काय?”

“तुमच्या खुणा मी रोज उघडून बघते. तेवढ्या लांब मला तुमची खबर त्यातूनच लागते. मोतीबिंदूही तिथंच कळला.”



“त्या दीर्घिका दूर जातात म्हणतेस, ते कसं कळतं?”

“त्यांचा प्रकाश तांबूस होतो, त्यावरून वेग मोजतो. जी जितकी लांब, ती तितक्या वेगानं आणखी लांब जाते.”

“तुझ्यासारखी.”

“मी आलेय ना, बाबा.”

“आजोबा, चला,” शेजारच्या वडिलांना न्यायला आलेल्या नर्सचा आवाज आला. “डावा डोळा ना?”

“आज डावा,” वडील म्हणाले. “उजव्याचीही तारीख देऊन ठेवा, बाई. वर्षभराचं काम पुन्हा तपासायचंय.”