सरळ बोट

हेमाली : आई, उन्नतीच्या बोटाला चिंधी का बांधलीत? लागलं का तिला?

तुळजा : तिला न्हाय लागलं. दुध्याला लागू नये म्हनून बांधली.

हेमाली : अहो, अकरा महिन्यांची पोर ती! या वयात सगळीच बोट दाखवतात. मी तर खूश होते, लवकर शिकली म्हणून.

तुळजा : कोवळ्या फळाला सरळ बोट दावलं की कुजतं. मोठी मानसं बोट वाकवून दावतात. हिला कोन शिकवनार?

हेमाली : फळमाशीनं कुजतात ते.

तुळजा : मंग माशी हिला इचारून बसते काय गो? मांडवाला चाळीस दुधी लोंबतायत. हिनं तीन दावले. तेच तीन काळे पडले. बाजूचे न्हाय.

हेमाली : योगायोग असतो, आई.

तुळजा : तुज्या भिवंडीत, नारपोलीत असंल. तितं भाजी पिशवीतच उगवते.

हेमाली : बरं, ती पिशवी तर धरा. अजून नऊ भरायच्यात, टेम्पो येईल एवढ्यात.

तुळजा : मागल्या रविवारी वाटेकऱ्यांतली कमळबाय मळा बगायला आलेली ना, तिनं हिचं बोट बगितलं. म्हनली, आमी चोवीस घरांनी पेरनीआधीच पैसे भरून भाजीत वाटा धरलाय. पावसानं नासलं, किडीनं नासलं, सोसू. घरच्या पोरीनं नासवलेलं कशाला सोसायचं?

हेमाली : कमळताई असं म्हणाल्या?

तुळजा : म्हनून सांगते. आजच्या टेम्पोत पोरीला तुज्या आयेकडं लावून दे. दसऱ्याला वेल उतरले की आन परत.

हेमाली : दसऱ्याला दीड महिना आहे! अंगावर पिते ती माझ्या!

तुळजा : दीपेशला एसटीडीवरनं फोन लावला मी. पोरीचा बाप हो म्हनला.

हेमाली : डबल शिफ्ट करून आलेला माणूस, झोपेत कशालाही हो म्हणेल. मी नाही पाठवणार.

तुळजा : आन शेजारच्या चांगदेवची शेळी? चांगली चरत होती. हिनं बोट केलं, तिसऱ्या दिवशी गेली.

हेमाली : शेळीच्या पोटात प्लास्टिक निघालं. मुठीएवढा गोळा. चांगदेवदादाच म्हणाले, कितीतरी महिन्यांचा… थांबा जरा.

तुळजा : काय झालं?

हेमाली : आज सकाळी हिनं कुठला दुधी दाखवला?

तुळजा : त्यो. खांबाजवळचा. ए, तू नको सरळ बोट करू!

हेमाली : वाकवलंय, बघा. विळा द्या इकडे.

तुळजा : चांगला दुधी कापतेस? लोकांच्या वाट्याचा हाय त्यो!

हेमाली : वरून चांगला आहे. आता बघा.

तुळजा : अगं आये… अळ्या!

हेमाली : तांदळाएवढ्या झाल्यात. सकाळपासून एवढ्या होतील का? चार-पाच दिवस आतून खात बसल्यात. हिच्या बोटानं नाही कुजत, आई. आधीच कुजलेलं असतं. हिला ते कळतं.

तुळजा : कसं कळतं?

हेमाली : मला काय माहीत? मलापण भीती वाटते. पिता पिता मध्येच थांबून ती माझ्याकडे बघते ना, तेव्हा मी तिचा हात मुठीत धरून ठेवते.

तुळजा : तुज्याकडं केलं काय कवा?

हेमाली : नाही. अजून नाही… आई? खाली का बसलात?

तुळजा : आत आसंल तेच दावते म्हनतेस.

हेमाली : हो.

तुळजा : चिंधी दुध्यासाठी न्हाय बांधली मी.

हेमाली : मग?

तुळजा : गरम झऱ्याच्या कुंडावरनं पानी आनून हिला न्हाऊ घालत होते. पायावर पडल्या पडल्या वर बगून हसली. आन बोट टेकवलं. हितं, काखेखाली.

हेमाली : बघू. लाजू नका, बघू दे… आई, ही गाठ आहे. दुखते का?

तुळजा : दुखत न्हाय. होळीपासनं हाय.

हेमाली : होळीपासून! आणि कुणाला बोलला नाहीत?

तुळजा : पेरनी तोंडावर आलेली. मंग मांडव. मंग तोडनी… कमळबाय काय बोलली न्हाय, हेमाली. ते मीच. पोर रोज समोर नको वाटली मला.

(रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजतो.)

हेमाली : तुम्ही उठू नका. पिशव्या मी चढवते.

तुळजा : भिवंडीचा सरकारी दवाखाना रविवारचा उघडा आसतो?

हेमाली : डॉक्टर असतो एखादा. नसला तर माझ्या आईकडे राहू, उद्या सकाळी पहिला नंबर लावू.

तुळजा : मंग पोरीचं दुपटं घे. आन डायवरला सांग, पुढं तिघी बसनार.