वाढत्या अंगाचे बूट

वहिनी : बसा खाली, भाऊजी. उठू नका. ती दुकानातली बाई तुमच्याचसाठी माळ्यावर चढलीय.

धाकटा : म्हणूनच म्हणतो, ती उतरायच्या आत निघू या. मागे एका दुकानात असाच एकाने माझ्यापुढे खोक्यांचा ढीग रचला होता. मग 'नको' म्हणायला जीभ उचलेना.

दादा : मग काय केलंस?

धाकटा : हाताशी होतं ते खोकं घेतलं. पैसे दिले आणि बाहेर पडलो.

वहिनी : घरी येऊन उघडलं तर बुटांना खाली खिळे. शर्यतीत पळणाऱ्यांचे बूट होते ते. फरशीवर चालले की टकटक टकटक.

धाकटा : ते मी शाळेला देऊन टाकले नंतर.

दादा : आणि तेव्हापासून हे मोबाइलवर बूट मागवायचं खूळ.

धाकटा : खूळ नव्हे रे, दादा. तिथं पायाशी कुणी बसत नाही. इथं ती बाई येणार, माझा पाय धरणार, मोजा वर ओढणार... मला कसंनुसं होतं. मोबाइलवर आवडला नाही तर परत पाठवायचा. कुणाचं उतरलेलं तोंड बघावं लागत नाही.

वहिनी : आणि पाठवता का परत? परवा तो माणूस खोकं न्यायला आला, तर ह्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा लावला आणि बूट ठेवून घेतले.

धाकटा : तीन जिने चढून आला होता, वहिनी. छाती भात्यासारखी चालली होती त्याची. त्याला पुन्हा ओझं देऊन खाली कसा पाठवू?

दादा : ओझं? बुटांचं?

धाकटा : त्याच्या पाठीवर आधीच एवढं गाठोडं होतं.

वहिनी : असू दे हो. तुम्ही नका त्यांना रागवू. त्या माणसाने जाताना नमस्कार केला ह्यांना. मी दारातच होते.

दादा : रागवत नाहीये. रविवार जवळ आलाय म्हणून बोलतोय. चिऊ येतेय. तुझी लेक, माझी पुतणी, पण बोलायला लागली की दोघांचीही आई होते. मला फोनवर स्वच्छ सांगितलंय तिने. म्हणाली, काका, बाबा जिन्यात पडले ते मला शेजाऱ्यांकडून कळलं. आता एक तर ते नीट जिना उतरताहेत हे मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, नाहीतर मी त्यांना घेऊन जाणार.

धाकटा : तिचं चूक नाही त्यात.

दादा : चूक आहे असं कुठं म्हणालो?

धाकटा : तिच्याकडे लिफ्ट आहे. खिडकीची खोली रिकामी केलीय म्हणाली माझ्यासाठी. पुस्तकांना कपाटही करून घेणार आहे. एक कपाट.

वहिनी : एका कपाटात तुमची पुस्तकं? नुसते शब्दकोशच उभे राहतील.

धाकटा : बाकीची वाटून टाकायची म्हणे.

वहिनी : आणि तुम्ही काय म्हणालात त्यावर?

धाकटा : मी म्हटलं, बघू. आधी बूट तर मिळू देत. चांगले बूट मिळाले तर प्रश्नच उरत नाही ना.

दादा : आली बघ बाई.

वहिनी : ठेवा, बाई, इथंच ठेवा. नऊ नंबरच ना? हो, ह्यांनीच सांगितला. नाही, तुम्ही त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघा, आम्ही घालतो आमचं आम्ही. हे जरा लाजाळू आहेत. हो, ह्या वयातही. ... हसली बघा. गेली. घाला आता.

धाकटा : बरे आहेत दिसायला. तळही खरखरीत आहे. घसरणार नाही.

दादा : घाल तर खरा. खिशात काय शोधतोयस?

धाकटा : काही नाही. एक मिनिट.

वहिनी : हे काय कोंबताय त्यात?

धाकटा : बोळा.

वहिनी : कसला बोळा?

धाकटा : कागदाचा. वर्तमानपत्र घडी करून आणतो मी. बोटांपुढे बसवायला. जाहिरातींचंच पान घेतो, अग्रलेख नाही घालत पायाखाली.

दादा : अरे, पण नव्याकोऱ्या बुटात?

धाकटा : नवा असो की जुना, बोळा लागतोच की. त्याशिवाय टाच निसटते.

वहिनी : थांबा. तुम्ही आजवर जेवढे बूट घेतलेत, त्या सगळ्यांत बोळा घातलाय?

धाकटा : सगळेच घालतात ना?

दादा : कोण सगळे?

धाकटा : म्हणजे... लोक. तू घालत नाहीस?

दादा : मी कशाला घालू? मी माझ्या पायाचे बूट घेतो!

वहिनी : हळू बोला. ती बाई बघतेय.

धाकटा : मला वाटायचं, आतली गोष्ट असते ही. बनियनसारखी. कुणी बोलत नाही, पण प्रत्येकाच्या आत असतेच.

वहिनी : अहो, तुम्ही त्या बोळ्याकडे असे काय बघत राहिलात? तुम्हाला काय झालं?

दादा : आईने शिकवलं ते त्याला.

वहिनी : काय?

दादा : बोळा. माझे बूट मला लहान झाले की ते ह्याला मिळायचे. हा अंगाने बारीक, पाय एवढेसे. आई पुढं कागद ठासायची आणि म्हणायची, घाल रे, वाढत्या अंगाचे आहेत, वर्षभरात पाय भरेल.

धाकटा : भरला नाही खरा.

दादा : पुढं आई गेली, हा नोकरीला लागला. छापखान्यात मुद्रितं तपासायला बसायचा. पहिल्या पगारात बूट घ्यायला निघाला, तर मला विचारलं, दादा, तुझा नंबर काय? मी म्हटलं, नऊ. मला वाटलं, सहज विचारतोय. हा तोच घेऊन बसला तो आजतागायत!

धाकटा : मला तेवढा एकच नंबर माहीत होता.

वहिनी : माझ्या कपाळा. मी आयुष्यभर गावाचे कपडे शिवले, येणाऱ्या-जाणाऱ्याची मापं घेतली, आणि माझा दीर माझ्यासमोर नवऱ्याच्या मापात हिंडतोय.

धाकटा : तुम्ही बुटांची कुठं घेत होतात, वहिनी? तुमचा काय दोष?

दादा : पण मोबाइलवर माप घ्यायला सांगतात ना? चिऊ म्हणत होती, कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिलने रेघ मारायची, आणि तक्त्यात बघायचं.

धाकटा : ते केलं मी. अगदी नीट केलं. पट्टीने दोनदा मोजलं.

दादा : मग?

धाकटा : तक्ता म्हणाला, सात.

वहिनी : आणि तुम्ही मागवला नऊ.

धाकटा : मला वाटलं, तक्त्यात छपाईची चूक आहे. एखादी ओळ वरखाली झाली असेल. होतं असं. आकडे जुळवताना नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाते, मी शेकड्यांनी पाहिल्यात अशा चुका. म्हणून मी त्यांना कळवलंसुद्धा.

दादा : कुणाला?

धाकटा : बुटांच्या कंपनीला. नम्रपणे लिहिलं. आपल्या मापाच्या तक्त्यात सात आणि नऊ यांची अदलाबदल झालेली दिसते, कृपया तपासून पाहावे, ग्राहकांची गैरसोय होते.

वहिनी : देवा.

धाकटा : त्यांचं उत्तर आलं. आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभारी आहोत.

दादा : हसू नकोस गं. नाही, हस. मलाही आवरत नाहीये.

धाकटा : हसा. मीही हसलो असतो, पण मला आता त्या पडण्याचं आठवतंय. पायरीवर पाय ठेवला, आणि बूट मागे राहिला. पाय पुढे आला. मी सगळ्यांना सांगितलं, जिना ओला होता.

वहिनी : कोरडा होता?

धाकटा : कोरडा ठणठणीत. पण बुटाने दगा दिला असं कसं सांगायचं? मला वाटलं, माझाच तोल गेला. वय झालं. चिऊ तेच म्हणाली, आणि मला ते पटलं.

दादा : तोल नव्हता गेला. बोल्ट ढिला होता. मी उभं आयुष्य यंत्रांवर काढलं. ढिला बोल्ट पान्याने आवळतात. तू त्यात कागद भरत राहिलास.

वहिनी : बाई, ओ बाई, ह्यातलेच सात नंबर आहेत का? हो, सातच. चुकून नऊ सांगितला होता. चूक जरा जुनी आहे. ... खालीच आहेत म्हणते, देते लगेच. घ्या. आणि तो कागद द्या माझ्याकडे. द्या म्हणते ना.

धाकटा : नुसते घालू?

वहिनी : नुसते.

धाकटा : आवळतात हो, वहिनी.

वहिनी : कुठं आवळतात? बोटं हलताहेत का बघा.

धाकटा : हलताहेत.

वहिनी : टाच उचला. निसटतेय?

धाकटा : नाही. पण सगळीकडून हात लावल्यासारखं वाटतंय. म्हणजे कुणीतरी पाय धरून ठेवलाय तसं.

वहिनी : त्यालाच माप म्हणतात. नवीन कपडा अंगाला बसला की काही जणांना असंच होतं, श्वास रोखून उभे राहतात. चला थोडं. त्या आरशापर्यंत.

दादा : फरफटू नको. उचलून टाक पाय. आता कुणी बूट पळवत नाहीये तुझा.

धाकटा : सवय आहे. बोटं आवळूनच चालतो मी, बूट धरून ठेवायला.

वहिनी : म्हणून तुमचे पाय संध्याकाळी दुखतात. आणि आम्ही म्हणायचो, दिवसभर खुर्चीत बसून ह्यांचे पाय कसले दुखतात.

दादा : आता जिना उतरून बघ. ही माळ्यावर जायची शिडी नको. दाराच्या पायऱ्या आहेत बघ बाहेर, त्या उतर आणि चढ. बाईंना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्या. कठडा धरलास तरी चालेल.

धाकटा : जातो. ... उतरलो. ... दादा, कठडा धरायची आठवणच राहिली नाही.

वहिनी : बसा आता. डोळे कशाला पुसताय?

धाकटा : धूळ आहे बाहेर. हे घेऊ या. आणि बाईंना म्हणावं, दुसरं काही दाखवू नका, हेच छान आहेत. खरंच छान आहेत, उगाच म्हणत नाहीये.

दादा : झालं तर मग. रविवारी चिऊपुढे तीन जिने उतरून दाखव. ती काही बोलणार नाही.

धाकटा : हो. बोलणार नाही बहुतेक. पण कपाट करायला टाकलंय तिने. आणि खोलीला रंगही दिलाय. आता बुटाच्या एका जोडावरून तिला नाही म्हणायचं...

वहिनी : भाऊजी, एक विचारू? ते बूट बोलणार आहेत का तिच्याशी?

धाकटा : म्हणजे?

वहिनी : म्हणजे तुम्ही खोकं परत पाठवू शकत नाही, दुकानात नको म्हणू शकत नाही, आणि लेक न्यायला येतेय तर 'बघू' म्हणता. चांगल्या मापाचे बूट घालूनही तुम्ही तिच्या गाडीत जाऊन बसाल. तुम्हाला जायचंय का?

धाकटा : दादाला काय वाटतं?

दादा : मला विचारू नकोस. मागे एकदा विचारलंस, ते अजून निस्तरतोय आपण.

धाकटा : तू तर तिला म्हणालास, घेऊन जा, तिथं बरं पडेल त्याला.

दादा : म्हणालो. मला वाटलं, तुला जायचंय. लेकीकडे जायचं कुणाला नको असतं? तुझ्या आड कशाला यायचं? तू नाही म्हणाला नाहीस. मग मी कोणत्या तोंडाने राहा म्हणू?

वहिनी : आणि तिने फोन ठेवल्यापासून तुमचे दादा घरात माझ्याशी धड बोलत नाहीयेत. काल चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधत होते.

दादा : ते नेहमीचंच आहे.

वहिनी : काल सापडल्यावरही चिडून बसलात.

धाकटा : दादा, मला वाटलं, तुम्हा दोघांना माझं ओझं होतंय. रोज दुपारी माझ्या घरून तुमच्याकडे येतो, तुमच्याच खुर्चीत पेपर घेऊन बसतो.

दादा : ती खुर्ची कुणाची आहे? तू आला नाहीस तर ही त्या खुर्चीवर कपड्यांच्या घड्यासुद्धा ठेवू देत नाही.

वहिनी : आता हा मोबाइल घ्या. बूट मागवता येतात त्यावरून, तर लेकीशीही बोलता येईल.

धाकटा : आत्ता? इथं? घरी गेल्यावर लावतो.

वहिनी : घरी गेल्यावर तुम्ही तिला पत्र लिहायला बसाल. आणि त्यातल्या चुका तपासत राहाल.

धाकटा : ते मात्र खरं. ... लावतो. तुम्ही तिकडे बघा जरा. दादा, तू पण.

दादा : बघतोय. चपलाच बघतोय मी.

धाकटा : (फोनवर) हॅलो. चिऊ, मी बोलतोय. ... नाही, नाही, पडलो नाही. ... दुकानात आहे, काका-काकू आहेत बरोबर. ... हो, घेतले. सात नंबर. ... ते सांगतो नंतर, मोठी गोष्ट आहे, तू हसशील. ... ऐक ना. तिकिटं काढायला बसलीस ना तू? ... मग परतीचं तुझं एकटीचंच काढ. ... नाही गं, रागावलो नाही. खोली छान असेल, मी येईन राहायला, चार दिवस येईन. ... हो, आता नाही घसरत पाय. पण बुटांमुळे नाही म्हणत, बाळ. मला इथं राहायचंय.