झिजलेलं रबर

मी फार शहाणपणा करते म्हणता ना? मग ऐका. लेकीचा पहिला वाढदिवस तोंडावर आलेला आणि मोबाइलमध्ये तिचा एक फोटो धड नाही. म्हणून अमरावतीहून अकोल्याला गेले, सलीमभाई फोटोग्राफरांचा जुना डिजिटल कॅमेरा बघायला. काय काय तपासायचं, ते नेटवरून कागदावर उतरवून नेलं होतं.

कॅमेऱ्यातला आकडा सांगत होता, आजवर जेमतेम नऊ हजार फोटो काढलेत. पण पकडायच्या जागेचं रबर पार गुळगुळीत! म्हणजे वापर तर भरपूर झालेला.

"भाऊ, आकडा मागे फिरवला का हो?"

सलीमभाई रागावलेही नाहीत. "ताई, हा घेतला तवापासून, दोन सालं झाले, कापसाचं काही खरं नाई. लोक देवळात लग्नं उरकून राहिले. फोटोले मले कोन बलावते?"

"मग रबर कशानं झिजलं?"

"रोज दुकान उघडतो अन् त्याले पुसत बसतो. दुसरं काम काय हाय?"

माझ्या कागदावर हे नव्हतं. मान खाली घालून कॅमेरा घेतला.

आता लेक क्षणभर एका जागी बसत नाही. मीही बहुतेक वेळा तो नुसता पुसूनच ठेवते.