जर्मनचा वर्ग आणि हरसूलचा बाजार

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या सभागृह समितीचे आधारस्तंभ आदरणीय गोटीराम साळवे सर, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती आपली राखी मॅडम, तिचे आईवडील, हरसूलहून सकाळची पहिली गाडी पकडून आलेल्या कुसाबाई भोये, व्यासपीठावरील मान्यवर, कॉलनीतल्या माझ्या माता-भगिनी, बंधू, आणि मागच्या रांगेत मोबाइल खाली ठेवल्याचं नाटक करणारे विद्यार्थीहो, सर्वांना जय भीम, सविनय नमस्कार.

मी समाधान दोंदे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या शेजारी नोकरी केली, त्यामुळे माझ्या आवाजाला माइक लागत नाही. पण माइक समोर आला की मला तो सोडवतही नाही, ही सौ.ची जुनी तक्रार आहे. सूत्रसंचालिकेनं मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. आपल्याकडे दोन शब्द म्हणजे किती, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा खुर्च्यांवर नीट बसून घ्या.

आपली राखी पुढच्या आठवड्यात जर्मनीला निघाली आहे. जाणारे पुष्कळ असतात, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण ती तिथे जाऊन काय करणार आहे? जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात, देशोदेशींहून आलेल्या नर्सना जर्मन शिकवणार आहे! नाशिक रोडची मुलगी, जिचे वडील अंबडच्या कारखान्यात फिटर होते, ती जर्मनीत जाऊन जर्मन शिकवणार. माझी छाती आज या कोटात मावत नाहीये. कोट लग्नातला आहे हे खरं, पण कारण तेवढंच नाही.

हा मान आपल्या कॉलनीला कसा मिळाला, ते नव्या मंडळींना माहीत नसेल. म्हणून थोडं मागे जातो.

राखी पुण्याला राहून जर्मन शिकली आणि परत आल्यावर तिनं समितीकडे हा हॉल मागितला. इथे लग्नं होतात, बारशी होतात, वर्षावासात प्रवचनं होतात. जर्मन कुठे बसवायचं? पण साळवे सरांनी किल्ली काढून दिली. पहिल्या वर्षी पोरं कमी आणि खुर्च्या जास्त. मग नर्सिंग झालेल्या मुलींना तिकडे मागणी आहे हे कळलं, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, सगळीकडून मुली यायला लागल्या. त्यात एक होती पूजा भोये. या कुसाबाईंची मुलगी.

पूजा कशी होती? शब्द सगळे पाठ, अक्षर सुंदर, गृहपाठ वेळेवर. बोलायची मात्र एवढ्या हळू की मला वाटायचं, टर्बाइननं माझे कान गेले की काय. नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली. तिकडच्या हॉस्पिटलनं तिला नोकरीही देऊ केली. अट एकच, भाषेची परीक्षा पास व्हायची.

आणि पूजा नापास झाली. लेखी नाही, ऐकण्याची नाही, बोलण्याची.

या परीक्षेत दोन अनोळखी उमेदवारांना समोरासमोर बसवतात आणि म्हणतात, दोघांनी मिळून काहीतरी ठरवा. पूजाला विषय आला होता, सहकाऱ्याचा निरोप समारंभ ठरवा. म्हणजे आज आपण करतोय तोच! तिच्यासमोर बसलेले गृहस्थ वयानं मोठे, केस पांढरे. ते म्हणाले, समारंभ नावेत करू. पूजा म्हणाली, छान. ते म्हणाले, जेवण नको, नुसता केक आणू. पूजा म्हणाली, फार छान. मग त्यांनाच शंका आली, म्हणाले, नावेत नको, माणसं भिजतील. पूजा म्हणाली, हो, नको. परीक्षक वाट बघतायत, ही मुलगी कधीतरी स्वतःचं मत मांडेल. पण मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही, हे जिला पाळण्यापासून शिकवलं, ती मत मांडणार कुठून? मला सांगा, आपल्यापैकी किती जणांच्या मुली तिथे बसल्या असत्या तर वेगळं वागल्या असत्या?

आपण ज्याला चांगलं वळण म्हणतो, त्यालाच तिथे शून्य मार्क मिळाले.

हॉस्पिटलनं कळवलं, जागा पुढच्या परीक्षेपर्यंत राखून ठेवू, नंतर दुसऱ्या कुणाला देऊ. पूजा वर्गात यायची बंद झाली. फोन उचलेना. तेव्हा आमच्या मॅडमनी काय केलं? शनिवारी हरसूलची गाडी पकडली.

त्या दिवशी हरसूलचा बाजार होता. मॅडम घर विचारत विचारत चालल्या होत्या, तर बाजारातच मोठ्यानं भांडण ऐकू आलं. एक धिप्पाड गिऱ्हाईक नागलीचा, म्हणजे नाचणीचा, भाव पाडून मागत होतं, आणि समोर पदर खोचून उभी कोण? आपली पूजा!

"नाय परवडत मामा. नागली बघा आधी, हातात घ्या, खडा दाखवा एक तरी!"

"पोरी, पलीकडं स्वस्त हाय."

"मंग पलीकडची घ्या आन भाकर भाजून बघा. असं करा, दोन पायल्या घ्या, वर वरई घालते थोडी. पन भाव नाय तोडायची."

मामा गुरगुरले, हसले, आणि दोन पायल्या घेऊन गेले. मॅडम तिथेच उभ्या. त्यांनी शेजारी बसलेल्या कुसाबाईंना विचारलं, ही घरी पण अशीच बोलते का? कुसाबाई म्हणाल्या, "घरात तोंड उघडत नाय. बाजारात कोनाला आयकत नाय."

मॅडमना जे हवं होतं ते मिळालं. समोरच्याचं ऐकायचं, नाही म्हणायचं, कारण द्यायचं, आपली सूचना मांडायची आणि शेवटी दोघांना चालेल असं ठरवायचं. परीक्षेत हेच तर मागतात! पूजाला ते लहानपणापासून येत होतं. फक्त ते बाजाराच्या बाहेर आणायचं राहिलं होतं.

पुढच्या रविवारी या हॉलमध्ये बाजार भरला. सतरंज्या अंथरल्या, कुणी कांदे आणले, कुणी मेथी, कुणी जुन्या चपला. विकणाऱ्या मुली आणि गिऱ्हाईक आम्ही, कॉलनीतले म्हातारे. मुद्दाम म्हातारे, कारण मोठ्या माणसाला नकार द्यायची सवय व्हायला हवी होती. आम्हाला एकेक वाक्य पाठ करायला दिलं. माझं वाक्य होतं, "नाइन, त्सू टॉयर!" म्हणजे नाही, फार महाग. मी ते एवढ्या जोरात म्हणायचो की रस्त्यावरची रिक्षा थांबायची. घरी चहाला, भाजीला, सौ.च्या नव्या साडीला, सगळ्याला मी तेच म्हणायला लागलो. साडीच्या वेळी मला जे उत्तर मिळालं ते जर्मन नव्हतं.

पहिल्या रविवारी पूजानं मला सगळी मेथी फुकट देऊन टाकली. मी काका ना! मॅडम म्हणाल्या, पूजा, हे काका नाहीत, हरसूलच्या बाजारातले मामा आहेत. हळूहळू ती सरळ उभी राहायला लागली. आणि एका रविवारी तिनं मला असं काही झापलं, जर्मनमध्ये, मला एक अक्षर कळलं नाही, पण मी मुकाट्यानं कांदे घेतले. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मीही वाजवत होतो, कांदे खाली ठेवून.

दुसऱ्या परीक्षेत विषय आला, म्हाताऱ्या पेशंटची सहल. समोरचा उमेदवार म्हणाला, डोंगरावर नेऊ. पूजा म्हणाली, माझं मत थोडं वेगळं आहे, त्यांच्या पायांचा विचार करा, बागेत नेऊ. तो म्हणाला, बाग कंटाळवाणी. ती म्हणाली, मग बागेत गाणी ठेवू, तुमची आवडती. ठरलं! पूजा पास झाली आणि गेली.

तिथे पहिल्या नाताळात मोठ्या सिस्टरनं सगळ्या ड्यूट्या नव्या भारतीय मुलींना लावल्या. तुमचा सण नाही ना, म्हणून. पूजानं जाऊन सांगितलं, करतो आम्ही, पण आमच्या दिवाळीला आम्हाला सुटी हवी, आणि नाताळची एक रात्र तुमच्यापैकीही कुणी करावी. मोठी सिस्टर आधी चमकली, मग हसली, मग हो म्हणाली. आणि तिनं विचारलं, असं बोलायला तुला कुणी शिकवलं? तिथून मॅडमना बोलावणं आलं.

आता मंडळी, खरी गंमत ऐका. साळवे सर, रागवायचं नाही. बोलावणं आलं तेव्हा समितीची बैठक झाली. आम्ही सगळे ज्येष्ठ एका सुरात म्हणालो, मॅडम, तुम्ही गेलात तर वर्ग बंद पडेल, तुम्ही जाऊ नका. आणि जिनं शंभर मुलींना नाही म्हणायला शिकवलं, ती आमच्यासमोर खाली मान घालून म्हणाली, "बरं सर." वळण हो! जात नाही ते.

कुसाबाई त्या दिवशी नागली द्यायला आल्या होत्या, दाराशी बसल्या होत्या. त्या उठून आत आल्या.

"मॅडम, माझ्या पोरीला काय शिकिवलं मंग? तिला मोठ्या सायबापुढं बोलायला लावलं, आन तुमी?"

मग राखी उठली. म्हणाली, "साळवे सर, माझं मत थोडं वेगळं आहे. मी जाणार. पण वर्ग आमची जुनी विद्यार्थिनी आशा चालवेल, मी दर रविवारी तिकडून पडद्यावर शिकवीन." सर म्हणाले, आशा नवी आहे, रविवारचं काय खरं? राखी म्हणाली, मग पहिले सहा महिने बुधवारीही शिकवते. सरांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही छताकडे पाहिलं. आणि सर म्हणाले, ठरलं.

म्हणून आजचा हा निरोप समारंभ आहे, मंडळी. नाहीतर तो झालाच नसता.

राखी, लेकी, आम्हाला तुझा फार अभिमान आहे. तू या हॉलला जर्मन शिकवलंस, हे तर आहेच. त्याहून मोठं म्हणजे तू इथल्या मुलींचा आवाज त्यांच्या हातात दिलास, आणि शेवटी तुझा तू उचललास. तिकडे थंडी असते, अंगावर घे. आणि तिकडच्या भाजीवाल्याकडे माझं वाक्य वापर, जोरात म्हण.

साळवे सरांचे आभार, किल्लीचे आणि हरण्याचे. कुसाबाईंचे आभार, दारातून आत आल्याबद्दल. तुम्हा सर्वांचे आभार, 'दोन शब्द' एवढा वेळ ऐकल्याबद्दल. बोलण्यात कुठे उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि माझं म्हणणं पटलं नसेल, तर मी मोठा आहे म्हणून गप्प बसू नका. उठा आणि सांगा. या हॉलमध्ये आता ते चालतं.

जय भीम.